कारखान्याच्या छपरावरचं ऊन

मंडळी, घराच्या गच्चीवरच्या सौर पॅनेलबद्दल या सदरात लिहिलं, त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न सारखा येत राहिला. "घराचं कळलं. पण आमचं खरं बिल घराचं नाहीच, शेडचं आहे. तिथे काय करायचं?" विचारणारे बहुतेक जण बऱ्हाणपूरचे किंवा बऱ्हाणपूर सोडून पुण्या-इंदूरला गेलेले. गावाकडून काका-मामांनी व्हॉट्सॲपवर सौर कंपनीचं कोटेशन पाठवलेलं असतं आणि खाली एकच ओळ असते: "तू इंजिनिअर आहेस, जरा बघ." म्हणून आजचा लेख त्या कोटेशनसाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर' योजना फक्त घरांसाठी आहे. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, ते घरगुती मीटरवरच. दुकान, गोदाम, लूमची शेड, जिनिंग, हॉस्पिटल, मंगल कार्यालय यांना त्यातलं काही मिळत नाही. यंत्रमागांसाठी एक वेगळी केंद्रीय योजना होती. 'पॉवरटेक्स इंडिया' या नावाने ती १ एप्रिल २०१७ ला भिवंडीत जाहीर झाली. आठ किंवा त्याहून कमी माग असलेल्या छोट्या कारखानदाराला सौर यंत्रणेच्या खर्चात सर्वसाधारण गटासाठी ५० टक्के, अनुसूचित जातीसाठी ७५ आणि जमातीसाठी ९० टक्के मदत, ठरावीक मर्यादेपर्यंत, अशी तिची रचना होती. मूळ मुदत मार्च २०२० पर्यंतची. आज कुणी तिच्या नावावर "अर्धे पैसे सरकार देतंय" म्हणत दारात आला, तर लेखी आदेश दाखवायला सांगा.

मग अनुदान नसताना लोक कारखान्यावर पॅनेल का लावतात? कारण कारखान्याची वीज महाग असते आणि तो दिवसा चालतो. घरात दुपारी पंखा आणि फ्रिज सोडला तर फारसं काही चालू नसतं. शेडमध्ये नेमकं त्याच वेळी सगळं चालू असतं. ऊन आणि गरज एकाच वेळी असेल तर सौर वीज सगळ्यात जास्त पैसे वाचवते. बाकी सगळा हिशेब या एका वाक्याभोवती फिरतो.

गाव जुनं, छप्पर पत्र्याचं

बऱ्हाणपूर हे कापडाचं गाव आहे हे आपल्याला नव्याने सांगायला नको. सतराव्या शतकात टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच प्रवासी इथून गेला आणि इथल्या तलम कापडाबद्दल लिहून ठेवून गेला. आज त्या तलम कापडाची जागा यंत्रमागाने घेतली आहे. गल्लीत शिरलं की लूमचा खडखडाट आधी ऐकू येतो, माणूस नंतर दिसतो.

याच गावाने एकदा मोठा खर्च करून नंतर पिढ्यानपिढ्या फुकट मिळवण्याचा एक धडा जगाला दिलेला आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणलं गेलं. पंप नाही, मोट नाही, फक्त उतार. ठरावीक अंतरावर कुंड्या. तोच आपला कुंडी भंडारा. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं. सौर पॅनेलचा व्यवहार याच जातीचा आहे. सगळा खर्च पहिल्या दिवशी, पुढची वीस-पंचवीस वर्षं फक्त देखभाल. म्हणूनच पहिल्या दिवशीचा निर्णय नीट घ्यावा लागतो. उतार चुकला तर कुंडीत पाणी येत नाही.

आता सगळ्यांचं अर्थकारण थोडक्यात. बहुतेक लहान लूमवाले जॉबवर काम करतात. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, लूमवाल्याला मीटरमागे मजुरी. त्या मजुरीतून कारागिराचा पगार, सुटे भाग, दुरुस्ती आणि वीज. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, मजुरीचा दरही फारसा नाही. कारागिराच्या पगारात कपात केली तर कारागीर शेजारच्या शेडमध्ये जातो. उरली वीज. छोट्या कारखानदाराच्या हातात असलेला खर्च म्हणाल तर तो हाच. म्हणून ही गोष्ट हौसेची नाही.

बिल शून्य होत नाही

माझ्या धाकट्या काकांची बऱ्हाणपूरला सोळा लूमची शेड आहे. त्यांच्याकडे आलेल्या कोटेशनवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'वीज बिल शून्य'. तोच आकडा घेऊन बसू. हिशेब सगळ्यांना आपापल्या बिलावर करून बघता यावा म्हणून आकडे गोल धरतो.

साध्या लूमला साधारण १ एचपीची मोटर असते. सोळा लूम म्हणजे १६ एचपी, म्हणजे सुमारे १२ किलोवॅट. कांड्या भरायचं मशीन, दिवे, पंखे धरून मंजूर भार २० एचपी, म्हणजे १५ किलोवॅट. मोटरी काही सतत पूर्ण ताकदीने चालत नाहीत, कुठे ना कुठे सूत तुटलेलं असतं, एखादा लूम बंद असतो. प्रत्यक्षात सरासरी ८ किलोवॅट धरू. दोन पाळ्यांत रोज २० तास चाललं तर १६० युनिट. महिन्याचे २५ दिवस धरले तर ४,००० युनिट, वर्षाला ४८,०००.

आता वरची बाजू. आपल्या भागात १ किलोवॅट पॅनेल वर्षाला ढोबळमानाने १,४०० युनिट देतं, म्हणजे दिवसाला सरासरी चारच्या आसपास. नेट मीटरिंगची मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५०० किलोवॅट किंवा तुमचा मंजूर भार, यातलं जे कमी असेल ते. काकांना म्हणजे १५ किलोवॅट. त्यातून वर्षाला २१,००० युनिट. खप ४८,०००. म्हणजे जास्तीत जास्त जागा भरली तरी निम्म्याहूनही कमी वीज उन्हातून येणार. त्याशिवाय बिलात स्थिर आकार असतो, तो युनिट कमी झाले म्हणून जात नाही. 'शून्य' हा शब्द तिथेच गळून पडतो.

पण शून्य नसलं तरी जे उरतं ते वाईट नाही. हिशेबासाठी किलोवॅटमागे ५०,००० रुपये खर्च आणि युनिटमागे ७ रुपये बचत धरू. तुमच्या बिलातला आणि कोटेशनमधला आकडा तिथे घाला. १५ किलोवॅटला साडेसात लाख रुपये, वर्षाची बचत १,४७,०००. पाच वर्षांत पैसे वसूल. पॅनेल पंचवीस वर्षांचं, दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास कमी होत जाणारं. वरवर पाहता विचार करायलाच नको.

हा हिशेब मी काकांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, पाच वर्षांनी पैसे वसूल म्हणतोस ते बरोबर आहे. पण पाच वर्षांनी लूम कोण चालवणार, ते सांग."

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं. काका साठी ओलांडलेले. चुलतभाऊ नोकरीत, परत येण्याची शक्यता कमी. कारागीर मिळणं अवघड होत चाललेलं. गावातली ताप्ती मिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. अशा माणसाने आयुष्याची शिल्लक छपरावर टाकायची की नाही, हा प्रश्न फक्त विजेचा उरत नाही.

वाईट वर्षाचा हिशेब

मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही म्हणता ते गृहीत धरूनच पुन्हा मांडू." मग आम्ही चार परिस्थिती लिहिल्या.

पहिली, आज आहे तसं. दोन पाळ्या, वर्षाला ४८,००० युनिट. १५ किलोवॅटची सगळी वीज कामी येते.

दुसरी, रात्रपाळी बंद, फक्त दिवसाचे दहा तास. खप २४,००० युनिट. तरीही २१,००० जवळजवळ सगळे वापरले जातात. म्हणजे काम निम्मं झालं तरी सौर यंत्रणेला फरक पडत नाही, कारण ती दिवसाचीच सोबतीण आहे.

तिसरी, आठच लूम आणि एकच पाळी. खप १२,००० युनिट. इथे १५ किलोवॅट जास्त होतं, ९,००० युनिट उरतात.

चौथी, लूम विकले, शेड गोदामासाठी भाड्याने दिली. खप नगण्य. जवळजवळ सगळी वीज उरते.

उरलेल्या विजेचं काय होतं, ते इथे महत्त्वाचं. नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण आर्थिक वर्षाच्या शेवटपर्यंतच. मार्चअखेर जे उरेल त्याचे पैसे नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात आणि तो दर आपण ज्या दराने वीज विकत घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे वापरलेला युनिट सात रुपयांचा, उरलेला युनिट खूपच स्वस्त. चौथ्या परिस्थितीत 'पाच वर्षांत वसूल' हे वाक्य टिकत नाही.

मग आम्ही उलटा विचार केला. छपरावर किती बसेल किंवा भार किती मंजूर आहे यावरून आकार न ठरवता, येत्या पाच-सहा वर्षांतल्या वाईटात वाईट वर्षी किती वापर होईल यावरून ठरवायचा. तिसरी परिस्थिती म्हणजे १२,००० युनिट. १० किलोवॅट वर्षाला १४,००० युनिट देतं. खर्च ५ लाख, बचत ९८,००० रुपये. धुण्याचा, विम्याचा खर्च वजा केला तर नव्वद हजार धरा. साडेपाच वर्षांत वसूल, आणि पहिल्या तीनही परिस्थितींत हा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा राहतो. कर्ज काढलं तर व्याजामुळे मुदत आणखी लांबते, हे वेगळं धरायचं. धंदा वाढला तर शेजारी दुसरा इन्व्हर्टर आणि आणखी पॅनेल जोडता येतात. कमी करणं मात्र महागात पडतं.

विक्रेता नेहमी मोठा आकार सुचवतो. त्यात त्याचं चुकतं असं नाही, किलोवॅटमागे दर थोडा कमी पडतो हेही खरं. पण धंदा पुढे किती चालेल याची काळजी त्याच्या कोटेशनमध्ये नसते. ती आपण घालायची.

आणखी दोन आकडे लक्षात ठेवा. एक, आयकरात सौर यंत्रणेवर ४० टक्के दराने घसारा मिळतो. नियमित कर भरणाऱ्याला पहिल्या वर्षात त्याचा चांगला फायदा होतो, कर भरावाच लागत नसेल तर काहीच नाही. यासाठी आपल्या सीएला विचारा, विक्रेत्याला नको. दोन, सौर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुनं कोटेशन असेल तर नव्याने मागा.

आणि एक सावधगिरी. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार १० किलोवॅटहून जास्त मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळा दर लावायचा आहे. उन्हाच्या तासांत किमान २० टक्के स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी महाग. म्हणजे दिवसा वाचवलेल्या युनिटची किंमत रात्रीच्या युनिटएवढी असेलच असं नाही. आपल्या बिलावर अशी वेळेनुसार विभागणी दिसत असेल तर बचत मोजताना दिवसाचाच दर धरा.

छपराला विचारा

बऱ्हाणपुरातल्या जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो, ते ठिसूळ असतात, त्यावर माणूस चालला तरी तडकतात आणि भोकं पाडली तर उडणारी धूळ फुप्फुसाला घातक. त्यावर थेट पॅनेल बसवू नये. एक तर पत्रे बदलून रंगीत लोखंडी पत्रे घालायचे किंवा भिंतीबाहेरून खांब उभारून वेगळा सांगाडा करायचा. दोन्हींचा खर्च कोटेशनमध्ये सहसा नसतो, तो आपल्या बाजूला असतो. काकांच्या हिशेबात हीच सगळ्यात मोठी रक्कम पुढे आली. ते म्हणाले, "पत्रे तसेही बदलायचेच आहेत, पावसाळ्यात सूत भिजतं." तसं असेल तर दोन्ही कामं एकत्र करणं शहाणपणाचं, कारण पंचवीस वर्षांचं पॅनेल पाच वर्षं टिकणाऱ्या पत्र्यावर ठेवायचं आणि मग सगळं उतरवायचं, हा दुहेरी खर्च आहे.

वजनाची भीती लोकांना जास्त वाटते. ५५० वॅटचं एक पॅनेल साधारण २८ किलोचं. १० किलोवॅटला अशी अठरा-एकोणीस लागतात, म्हणजे सांगाड्याचं वजन सोडून अर्धा टन, आणि तेही पन्नास चौरस मीटरवर पसरलेलं. चांगल्या लोखंडी कैच्या ते पेलतात, पण गंजलेल्या नव्हे. खरी भीती वाऱ्याची आहे. मे-जूनमध्ये ज्या वादळात आपल्याकडच्या केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या होतात, तोच वारा पॅनेलच्या खाली शिरून त्याला वर उचलतो. म्हणून सांगाडा पत्र्याला नाही, पत्र्याखालच्या लोखंडाला बांधलेला हवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा कागद हवा. तो कागद मागताना संकोच करू नका.

उन्हाबद्दल एक गैरसमज निमाडात हमखास ऐकू येतो: "आपल्याकडे ४५ डिग्री तापतं, म्हणजे वीज जास्त." पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ते सुमारे ०.३५ टक्का कमी देतं. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल स्वतः ६५ अंशांपर्यंत तापलं तर १४ टक्के वीज तिथेच गेली. म्हणून पॅनेल आणि पत्रा यांच्यात हवा खेळायला जागा हवी. चिकटून बसवलेलं पॅनेल स्वस्त पडतं आणि कमी देतं.

लूमच्या गावाची आणखी एक खासियत म्हणजे हवेत उडणारी बारीक रुई. धुळीबरोबर ती काचेवर बसते आणि पहिल्या दवात चिकटते. महिन्यातून दोनदा तरी धुवावं लागतं, तेही पहाटे किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नये. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर पांढरे डाग राहतात, रबरी पट्टीने पुसून घ्यावं. हे काम कोण करणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा. छपरावर जायला नीट शिडी आणि चालायला फळी हवी. पत्र्यावरून पडण्याचे अपघात हे या सगळ्या व्यवहारातले सर्वांत महाग नुकसान.

कोटेशनमध्ये काय शोधायचं

लाईट गेल्यावर काय होतं, हे पहिलं विचारा. साधी ग्रिडला जोडलेली यंत्रणा लाईट गेली की बंद पडते, भर दुपारी सुद्धा. हा दोष नसून सुरक्षेचा नियम आहे. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या तारेत तुमच्या छपरावरून वीज जाऊ नये म्हणून. लूम चालतील इतकी बॅटरी घेतली तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. तेव्हा "लाईट गेली तरी लूम चालतील" असं कुणी तोंडी सांगत असेल तर तसं लिहून मागा.

मग पॅनेलचं नाव आणि मॉडेल, ते केंद्राच्या मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीत आहे का. इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची, कारण पंचवीस वर्षं पॅनेल टिकतं, इन्व्हर्टर नव्हे. तो मध्ये एकदा बदलावा लागेल असं धरूनच चाला. अर्थिंग आणि वीजरोधक किंमतीत आहेत का. नेट मीटरचा अर्ज, इंदूरच्या पश्चिम क्षेत्र वीज कंपनीकडचा पाठपुरावा आणि मीटरची किंमत कुणाकडे. वर्षाला किती युनिट देणार याचा लेखी आकडा आणि कमी पडले तर काय.

मोठ्या कारखान्यांना आणखी एक रस्ता असतो. कंपनी स्वतःच्या पैशाने पॅनेल लावते आणि आपण फक्त युनिटमागे दर देतो. ऐकायला गोड आहे, पण करार पंधरा ते पंचवीस वर्षांचा असतो आणि साधारण मोठ्याच छपरांना तो मिळतो. ज्याला पाच वर्षांनंतरचं माहीत नाही त्याने पंचवीस वर्षांच्या करारावर सही करताना बाहेर पडण्याचं कलम आधी वाचावं.

कुणाला जास्त जमतं

लूमशिवाय इतरांसाठी थोडक्यात. केळी पिकवण्याची कोठारं आणि शीतगृहं यांना सौर वीज फार जुळते, कारण ऊन वाढलं की थंडाव्याची गरजही वाढते. हॉस्पिटलचंही तसंच, रोजचा खप स्थिर. जिनिंगबद्दल लोक म्हणतात की हंगाम हिवाळ्यात आणि ऊन उन्हाळ्यात, मग काय उपयोग? पण नेट मीटरचं खातं एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं. एप्रिलपासून जमा झालेले युनिट हिवाळ्याच्या हंगामात वापरून संपवता येतात, त्यामुळे एक वर्ष जुळून येतं. मंगल कार्यालयाचं काम मुख्यतः संध्याकाळचं आणि मोजक्या तारखांचं, तिथे आकार लहान ठेवावा.

मोठी उदाहरणंही आपल्या आसपास आहेत. शिर्डीच्या संस्थानाने २००९ मध्ये प्रसादालयावर ७३ सौर तबकड्या बसवून वाफेवर हजारो लोकांचा स्वयंपाक सुरू केला. ती वीज नव्हे, उष्णता, पण तत्त्व तेच: दुपारचं जेवण आणि दुपारचं ऊन. कोचीचा विमानतळ ऑगस्ट २०१५ पासून पूर्णपणे सौर विजेवर चालतो. शेजारच्या खंडवा जिल्ह्यात ओंकारेश्वरच्या जलाशयावर ६०० मेगावॅटचा तरंगता प्रकल्प आकार घेतोय, पहिला टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. तंत्र आता नवखं राहिलेलं नाही.

मीटर कुणाच्या नावावर?

शेवटचा मुद्दा आपल्या पिढीसाठी, म्हणजे जे गावात राहत नाहीत पण ज्यांचा छपरात वाटा आहे अशांसाठी. आमच्या शेडचं वीज मीटर अजून आजोबांच्या नावावर होतं. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. जागेच्या कागदावर तीन भावांची नावं. बिल दर महिन्याला भरलं जात होतं म्हणून कुणालाच अडचण जाणवली नाही. नेट मीटरचा अर्ज मात्र मीटरधारकाच्या नावाने होतो, बँक कर्ज देताना जागेचे कागद मागते आणि घसारा ज्याच्या हिशेबात यंत्रणा आहे त्यालाच मिळतो. म्हणजे पॅनेलच्या आधी भावाभावांनी एकत्र बसावं लागतं. खर्च एकाने केला, बचत कुणाची? उद्या वाटणी झाली तर पॅनेल कुणाचं? हे प्रश्न पैसे टाकण्याआधी गोडीत सुटतात, नंतर सुटत नाहीत.

हे काम काका-मामांना एकट्याने जमत नाही, कारण विषय काढायचा कुणी हा प्रश्न असतो. आपण काढू शकतो. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा संमतीपत्र आणि नाव बदलण्याचा अर्ज एवढ्या दोनच गोष्टी उरकून घ्या. आमच्याकडे तेवढं झालं आहे, नाव बदलून आलं आहे. पत्रे बदलण्याचं काम आधी, १० किलोवॅट नंतर, असा क्रम काकांनी ठरवला आहे.

दुसरं काम दुरून करण्यासारखं. इन्व्हर्टर इंटरनेटला जोडलेला असतो, रोज किती युनिट झाले ते मोबाईलवर दिसतं. त्याचं खातं विक्रेत्याच्या नव्हे, घरच्या ईमेलवर उघडा. रोज पाच मिनिटं पुरतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी आकडा अचानक कमी आला तर एक तर धूळ आहे किंवा कुठली तरी ओळ बंद पडली आहे. "काका, आज कमी दिसतंय, वर कुणी बघितलं का?" एवढा फोन आपण पुण्यात बसून नक्की करू शकतो. वर्षानुवर्षं लक्ष न दिल्यामुळे निम्म्या ताकदीने चालणारी यंत्रणा मी पाहिली आहे. बिल थोडं कमी येत होतं म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हा मंडळी, कोटेशन आलं असेल तर सही करण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिलं एकत्र काढा, त्यातले युनिट एका कागदावर लिहा आणि शेजारी आणखी एक रकाना करा: धंदा निम्मा झाला तर किती? त्या रकान्यातला आकडा हाच तुमच्या छपराचा आकार. पुढच्या महिन्यात बिलातला 'पॉवर फॅक्टर' म्हणजे काय आणि त्याच्यापायी भरावा लागणारा दंड कसा टाळायचा, ते पाहू. तोवर बिलं शोधून ठेवा, ती लागतीलच.